खमक्या विरजणाच्या गावी

पुण्याहून दौंडकडे निघालेली सकाळची डेमू हडपसर सोडून मोकळ्या रानात शिरली, तेव्हा कुठे मृणालने मांडीवरचा थर्माकोलचा डबा बाकावर ठेवला. बाहेर माघाचे कोवळे ऊन उसाच्या तुऱ्यांवर रुपेरी पसरले होते आणि उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा, धुराचा, मधूनच शेपूच्या जुड्यांचा वास आत येत होता.

"आज तुला मुद्दाम आणलंय," मृणाल म्हणाली. "एका बाईला वाईट बातमी द्यायची आहे आणि मला गोड बोलता येत नाही."

मृणाल माझी वसतिगृहापासूनची मैत्रीण. मी कविता शिकवते. ती गुराढोरांच्या पोटातले जिवाणू तपासते. त्या बाई म्हणजे भीमाकाठच्या वडगाव रासाईच्या शालनमावशी. काही वर्षांपूर्वी त्यांनी जनावरांच्या पचनासाठी मिळणारी जिवाणूंची एक पुडी विकत आणली, काकवीच्या पाण्यात मुरवली, आणि पुन्हा कधी पुडी आणलीच नाही. दह्याचे ठेवतात तसे थोडे विरजण मागे ठेवायचे आणि नव्या काकवीत घालायचे. आंबोणात (गुरांसाठी भिजवलेल्या खाद्यात) ते मिसळले की गाई तृप्त होतात, अशी त्याची ख्याती झाली आणि मावशींचे विरजण वाट्यावाट्यांनी गावभर गेले. महिन्यापूर्वी मृणालने त्याचा नमुना नेला होता.

"जिवाणू गुणी आहेत," ती सांगू लागली, "पण प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. आणि ती विद्या स्वतःपाशी ठेवत नाहीत. वर्गात चिठ्ठी सरकवावी तशी शेजारच्या रोगट जिवाणूंनाही देतात."

"मग?"

"मग गावातल्या प्रत्येक गोठ्यातलं ते विरजण नष्ट करायला हवं. फोनवर सांगण्यासारखं आहे का हे?"

दौंडला उतरलो. जंक्शनच्या फलाटांवर तापलेल्या लोखंडाचा आणि तळणीच्या तेलाचा एकवटलेला गंध होता. मृणालचे माहेर इथल्याच रेल्वे कॉलनीत. तिच्या आईने उपिटावर लिंबू पिळता पिळता विचारले, "शिकून सवरून पुन्हा शेणच गोळा करायला निघालीस ना?" आणि लेकीने काही म्हणायच्या आत ताटलीत दुसरा डाव वाढला. भावाची गाडी घेऊन आम्ही निघालो.

रस्ता उसाने भरलेला होता. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर मावेल त्याहून जास्त ऊस, आणि मागे आमच्यासारख्यांची संथ मिरवणूक. एका वळणावर सगळेच थांबले. मी काच खाली करून ट्रॉलीकडे पाहत राहिले, तर चालकाने खाली उतरून एक कांडे उपसले.

"घ्या ओ ताई! पुण्यात ऊस नुसता गिलासातच दिसत आसंल."

मी ते दातांनी सोलायला गेले आणि ओठ कापून घेतला. उसाचा रस आणि रक्त, गोड आणि खारट, असे एकाच घोटात प्यायले. मृणाल हसून हसून बेजार झाली.

भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका मागे राहतो आणि शिरूर तालुका सुरू होतो. नदीचे पाणी या दिवसांत गडद हिरवे, जाड काचेसारखे. काठावरच्या गव्हाला नुकती ओंबी धरली होती आणि वाऱ्यासरशी सगळे शेत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होते.

"आल्या का शेणवाल्या बाई!" शालनमावशींनी गोठ्यातूनच हाक दिली. साठीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेल्या. अंगणातल्या खाटेवर त्यांचे यजमान, आप्पा, रेडिओशी खटपट करत बसले होते. मी वाकून नमस्कार करते आहे तोवर एका कालवडीने माझ्या शालीचे टोक तोंडात घेतले आणि शांतपणे चघळायला सुरुवात केली.

"खाऊ द्या," आप्पा म्हणाले. "तिला परदेशी माल आवडतुय."

गोठ्याच्या सावलीत निळा ड्रम उभा होता, तोंडाला गोणपाट. मावशींनी ते बाजूला केले आणि मी डोळे मिटून घेतले. आधी काकवीचा दाट गोडवा, त्याच्या पोटात आंबट ताजेपणा, अगदी तळाशी पहिल्या दिवसाच्या इडलीच्या पिठासारखी ऊब. कान जवळ नेला तर आत बारीक चुरचुर चाललेली. इतके जिवंत आणि सुवासिक काही नष्ट करायला सांगायचे, या विचाराने माझाच धीर सुटला.

जेवण आधी झाले. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, हिरवा ठेचा आणि जाड सायीचे दही. दह्याची वाटी पुढे आली तशी मी मृणालकडे पाहिले. मावशींनी ते टिपलेच.

"घाबरू नगा, त्ये ड्रमातलं न्हाई. आमाला बी माणूस आन् जनावर येगळं कळतं."

हात धुतल्यावर मृणालने फोनवरची छायाचित्रे उघडली. एका काचेच्या बशीत जिवाणूंची साय धरलेली आणि तीवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवलेल्या. "औषध लागू पडलं की टिकलीभोवती जिवाणू मरतात," ती म्हणाली, "आणि चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. ही दुसरीकडच्या जिवाणूंची बशी. आणि ही तुमची."

मावशींच्या बशीत तीन टिकल्यांना खळे नव्हते. साय अगदी कागदाच्या कडेला येऊन टेकली होती.

मावशींचा चेहरा मात्र उजळला. "म्हंजी मेलं न्हाई? मी म्हनलंच हुतं! आप्पा, बगा!" आणि मग त्यांनी अभिमानाने जे सांगितले, ते ऐकून मृणालने कपाळाला हात लावला. दोन पावसाळ्यांमागे वासरांना हगवण लागली होती. दवाखान्यातून प्रतिजैविकाची पावडर मिळाली. एकेका वासराला पाजत कोण बसणार? मावशींनी ती ड्रमातच ढवळली.

"चार दिस इरजण गार पडलं. मला वाटलं, ग्येलं. पाचव्या दिशी बुडबुडं आलं! तवापासनं कुनाचं जनावर आजारी पडलं की थोडी पावडर ड्रमात. आता तर ते दचकत बी न्हाई. आसं खमकं इरजण सगळ्या शिरूर तालुक्यात घावायचं न्हाई. बाया मुद्दाम खमकंच मागत्यात."

मृणाल हळू आवाजात बोलू लागली. दर वेळी कोवळे जिवाणू मेले आणि औषध पचवणारेच उरले. दोन वर्षे मावशी त्यांचीच निवड करत आल्या. पुडीतच आधीपासून ती खोड होती का, हे अजून तपासायचे आहे. मावशींनी ऐकून घेतले, पण नजर गोठ्यातल्या शेवटच्या गाईकडे गेली. चंद्री. तिला दगडी (कासेचा दाह) झाली होती, एक सड टणक आणि गरम, दूध सांडून द्यावे लागत होते, आणि तीन इंजेक्शनांनी फरक पडला नव्हता.

"तिच्यात बी ह्येच?"

"दूध तपासल्याशिवाय नाही सांगता येणार," मृणाल म्हणाली. "पण मला तशी शंका येतेय. आणि मावशी, हीच औषधं माणसांनाही देतात."

मावशींनी विचारले, "किती घरात ग्येलंय म्हायतीय का तुमाला? चौदा. आन् दिलेलं इरजण माघारी मागायचं? आसं कुनी क्येलंय का कवा?"

"तूच दिलंस, तुझंच ऐकतील," आप्पा म्हणाले. "ह्या बाई सांगाय लागल्या तर म्हंतील, कंपनीची पुडी खपवाय आल्या."

मावशींनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला. मग एकदम पदर डोक्यावर घेतला. "चला. दिवं लागायच्या आत उरकाय पायजे. दिवं लागल्यावर इरजण उंबऱ्याभाईर निघत न्हाई."

विरजण नुसते मातीत ओतून चालणार नव्हते, तिथेही ते जिवाणू जगले असते. ते उकळायचे होते. आप्पांच्या चुलतभावाचे गुऱ्हाळ ओढ्यापलीकडे. त्या दिवशीचा शेवटचा गूळ उतरला होता, चुलवाण (गुऱ्हाळाची मोठी भट्टी) अजून धगधगत होते, आणि जुनी, बाजूला काढलेली एक काहील (रस आटवण्याची प्रचंड कढई) त्याने लगेच चढवून दिली. गुळाला ही काहील आता पुन्हा लावणार नाही, एवढे मृणालने त्याच्याकडून वदवून घेतले.

घरोघर जाताना मी मावशींच्या मागे होते. पहिल्या दारात त्यांचा आवाज अडखळला. "आगं, माझं इरजण बिघडलंय. तुझ्या हातात मीच दिलं, मीच न्यायला आलेय." त्या घरची सून आत जाऊन बादलीच घेऊन आली. तिसऱ्या दारापर्यंत मावशींच्या आवाजात जोर आला. पाचव्या दारात त्या टिकल्यांची गोष्ट माझ्याकडे न पाहताच सांगू लागल्या, खळ्यासकट. एका दारात मात्र थबकलो. कौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, मावशींच्या वयाच्या, तोंडात मिशरी.

"मी कुनाकडनं इरजण आनत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं माझ्या म्हायेरचं हाय."

"आसू दे बाई," मावशी म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

काहिलीभोवती बाया जमल्या. मावशींच्या ड्रमातले विरजण आधी पडले, मग बाकीच्यांचे. उसाच्या चिपाडाच्या जाळावर तो तांबूस, फेसाळ द्रव तापत गेला. आंबटगोड वाफ डोळ्यांना झोंबू लागली. "शालन, साखर टाक, वड्या पाडू," कुणीतरी म्हणाले आणि हशा पिकला. मृणालने घड्याळ लावले होते. पहिली उकळी फुटली, फेस कडांपर्यंत चढला, आणि ओढ्याच्या वाटेने कौसाबाई आल्या. डोक्यावर झाकलेली कळशी, नजर जमिनीवर.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. आता काय काय ऐकावे लागेल, ही धास्ती कौसाबाईंच्या आखडलेल्या खांद्यांवरून दिसत होती. मावशींनी सरकून जागा केली आणि कळशीच्या बुडाला स्वतःचा हात लावला.

"संबाळ, वाफ लई हाय," एवढेच त्या म्हणाल्या.

दोघींनी मिळून कळशी रिकामी केली.

निघताना मृणालने चंद्रीच्या दुधाची बाटली बर्फात ठेवली आणि ड्रम चुन्याने घासायला सांगितला. तपासलेल्या जिवाणूंची पुडी ती पाठवणार होती. औषध यापुढे डॉक्टरांच्या हातून, थेट आजारी जनावराला. जाताना आप्पांनी शालीच्या चघळलेल्या टोकाकडे पाहून गंभीरपणे माफी मागितली.

परतीच्या डेमूत मृणाल डब्यावर हात ठेवून झोपली. मी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत विचार करत होते. देणे ही गोष्ट मला आजवर निर्मळच वाटत आली होती. चौदा घरांना दिलेल्या वाट्यांत मायाच होती. तीच माया रोगाचीही वाट झाली, यात मावशींचा दोष किती मोजायचा? आणि दिलेले परत मागायला दारोदार जाणे, त्याला आपल्या भाषेत शब्द आहे का, हे मला आठवेना.

आठ दिवसांनी मावशींचा फोन आला. दुधाच्या तपासणीत एक औषध लागू ठरले होते, गावच्या डॉक्टरांनी ते दिले आणि चंद्रीचा सड मऊ पडू लागला होता. गुरांच्या पोटातल्या जिवाणूंना ती विद्या विसरायला किती दिवस लागतील, ते मृणाललाही सांगता येत नाही. नवे विरजण धरले आहे, पण त्याचा अहवाल येईपर्यंत कुणाला द्यायचे नाही, ही अट मावशींना सर्वांत जड जात होती.

"रोज दुपार कलली की बाया यायच्याच ना वाट्या घिऊन," त्या म्हणाल्या. "आता वाटीत घालाय काय न्हाई."

"मग कुणी येत नसेल," मी म्हणाले.

"येत्यात की! कौसा तर सगळ्यांच्या आधी. मोकळ्या हातानं येती, च्या पिती, आन् माज्या च्यात साखर कमी हाय म्हनून जाती."