झरीच्या भागम्माचा अभिप्राय

वालुरात कुणाच्या पोरीला स्थळ आलं की आधी बसप्पांना निरोप जायचा. किराणा दुकान नावाला. त्यांचं खरं काम चौकशी, तेही फुकट. मुलाच्या गावी जायचं, त्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, न्हाव्याकडं दाढीला बसायचं आणि दळण नसताना गिरणीवर रेंगाळायचं. वीस वर्षांत त्यांनी 'बिनघोर द्या' म्हटलेलं एकही घर वाईट निघालं नव्हतं. स्वतःच्या धनश्रीसाठी झरीचा शिवकुमार त्यांनी असाच पारखून घेतला होता. पोरगा पुण्यात, कॉम्प्युटर कंपनीत. साखरपुडा झालेला, लग्न महिन्यावर.

धनश्रीला ऑनलाइन शिकवणीचं काम मिळालं, म्हणून कॉम्प्युटर हवा होता. इंटरनेटवरचं एक दुकान लय स्वस्त देत होतं. पैसे आधी, माल कुरिअरनं.

"आधी चौकशी," बसप्पांनी चष्मा चढवला. "ह्यांच्या शेजारी कोण ऱ्हातंय?"

"अप्पा, इथं शेजार नसतो. माल घेतलेली माणसं अभिप्राय लिहितात. हे बघा, चारशे बारा. समदे चांगले."

"समदे? एकबी वाकडं बोलत न्हाई? ह्या दुकानदाराला भावकी न्हाई का काय?"

धनश्री हसत हसत एकेक वाचायला लागली आणि एकावर अडली. तिनं मोबाइल बापापुढं धरला. 'मी गृहिणी असून मला हा कॉम्प्युटर अतिशय आवडला. वेग उत्तम. भागम्मा, झरी.'

वर फोटो. शिवकुमारची आई. साखरपुड्यातलाच फोटो, कडेला बसप्पांचा अर्धा फेटासुद्धा आलेला.

बसप्पांनी फोटो पुन्हा निरखला. फोन लावायचा तर ही बाई शेजारणीला हाक मारते, आणि हिला वेग आवडला?

धनश्रीनं शिवकुमारला फोन लावला, स्पीकरवर. "तुमच्या आईनं कॉम्प्युटर घेतला का हो?"

तो खळखळून हसला. "सापडलं व्हय तुला? अगं, हेच तर माझं काम. दुकानं पैसे देतेत, आमी अभिप्राय लिहितो. रोजचे साठ."

"आणि कॉम्प्युटर येतो का तरी?"

"ते मला काय माहीत? मी लिहायला हाय तिथं."

बसप्पा खुर्चीवर टेकले. न्हाव्यानं, गिरणीवाल्यानं, सगळ्यांनी 'कंपनीत हाय' एवढंच सांगितलं होतं. कंपनी काय करते, हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं.

"मंग लग्नानंतर माझंबी नाव टाकाल," धनश्री म्हणाली.

"तुझं तर कवाच टाकलंय! खाली बघ की, सौ. धनश्री शिवकुमार. वॉशिंग मशीनलाबी हाईस तू."

तिनं खाली बघितलं. होती. लग्नाआधीच सौभाग्यवती, पाच तारे देऊन समाधानी.

तिनं फोन कापला.

"आता मी लोकांला काय सांगू, पोरी?" बसप्पांनी चष्मा काढून ठेवला.

"सांगा, पोरगी न्हाई म्हणली."