जिथं गाठ नव्हती

सुमनबाई गेल्याचं त्यांच्या भाच्यानं सांगितलं. नांदेडहून अहमदपूरला एसटीनं आला, तिथून आमच्या गावापर्यंत चालत. दारातच म्हणाला, "मावशी, आत्या गेली, महिना झाला. हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." कापडी पिशवी होती. मी ती तीन दिवस उघडली नाही. आत काय असणार ते मला ठाऊक होतं...

बाई आमच्या शाळेत शिकवायला आल्या त्या साली लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पावसाचा पत्ता नव्हता. मी चौथी शिकलेली, शाळेत पाणी भरायची. बाईंचं शिकवणं निराळं होतं. आफ्रिकेतली पोरं खेळतात तसे मातीत खड्डे करून त्यांत चिंचोके वाटायला लावायच्या आणि त्यातून भागाकार शिकवायच्या. काठीच्या सावलीवरून पिंपळाची उंची काढायच्या. एकदा म्हणाल्या, पेरू देशातले लोक पूर्वी आकडे दोरीच्या गाठींत ठेवायचे. पोरं पेरू म्हणून हसली, बाईही हसल्या आणि वर्गात एक आडवी दोरी बांधली. रोज सकाळी पोरं शाळेच्या विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायची. जितके हात पाणी भरेल तितक्या गाठी एका सुतळीला मारायच्या आणि त्या दिवसाची सुतळी आडव्या दोरीला टांगायची. ही दोरी लातूरच्या नव्या कचेरीत नेऊन टँकर मागायचा, असा बाईंचा बेत होता.

गाठी कमी होत गेल्या तसं गाव कुजबुजायला लागलं. माझी सासू म्हणाली, "बाळंतपणात बाई अडली की घरातल्या गाठी सोडतात. अन् ही रोज मारून राहिली. पानी सुटंल कसं?" मला ते पटलं. अडलेल्या बाळंतिणींच्या घरी मी स्वतः गाठी सोडल्या होत्या. एका दुपारी वर्गात कुणी नव्हतं. त्या दिवसाच्या सुतळीला तीन गाठी होत्या. तिन्ही सोडल्या. चांगलंच करतेय असं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी पोरांनी दोर सोडला आणि दगड कोरड्यावर आपटला. घागर घेऊन मी तिथंच उभी होते. तीन हात पाणी एका रात्रीत कुठं गेलं, ते आजवर कुणाला कळलं नाही. बाईंनी कालच्या सुतळीवरून बोटं फिरवली. पोरांना विचारलं, "हिला गाठ नाही. म्हणजे किती?" पोरं म्हणाली, शून्य. "बरोबर. पेरूतले ते लोक शून्याची जागा रिकामी ठेवायचे. पण ती मोजायची." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

चावडीत बैठक बसली. गाठी बाईनंच सोडल्या, पाणी आपल्या गावी नांदेडला नेलं, असं एक जण बोलला. "तिथं गोदावरी कमी पडली व्हय रे?" दुसरा म्हणाला. लोक हसले, पण बाईंना घालवायचं ठरलंच. मी मागं बसले होते. माझं काम जाईल म्हणून तोंड उघडलं नाही. बाईंची देवणीकडं बदली झाली. गाठी मी सोडल्या होत्या. हे आता सांगते, ऐकायला त्या नाहीत तेव्हा.

निघताना एसटीजवळ बाई म्हणाल्या, "कौसाबाई, विहीर तुमच्यामुळं नाही आटली."

मी काही विचारलं नव्हतं. "मग कशानं आटली?"

बाई एसटीच्या पायरीवर चढल्या. "ते मला काढता आलं नाही..."

चौथ्या दिवशी पिशवी उघडली. आत वर्गातली ती आडवी दोरी होती, सगळ्या सुतळ्या गाठींसकट तशाच. त्या एकीला मात्र तीन जागी वळ पडलेले, गाठ सुटल्यावर राहतो तसे. बाईंनी इतक्या वर्षांत त्या पुन्हा मारल्या नव्हत्या. मी दोरी खुंटीला टांगली. घर कोरडं आहे, खुंटी चुलीच्या बाजूला आहे. तरी सकाळी त्या एका सुतळीचं टोक हाताला गार लागतं. भास असेल म्हणून नातसुनेला हात लावायला सांगितलं. "आजी, वलं हाय की हे," ती म्हणाली आणि पदराला हात पुसला.

तेव्हापासून ओल किती वर चढली ते रोज सकाळी बोटांनी मोजते. आज ती पहिल्या वळापर्यंत आली आहे.