डेकांची जोडी

हळदीला नाचणाऱ्या माणसाचा खरा वैरी म्हणजे संपणारी कॅसेट. गाणं ऐन रंगात येतं, टेपमध्ये खट्ट होतं आणि मांडवात स्मशानशांतता पसरते. कॅसेट काढून, उलटी करून पुन्हा घालेपर्यंत नाचणाऱ्यांनी हातापायांचं काय करायचं, याची सोय कुणीच केलेली नसते.

कुपवाडात शेजारच्या पिंकीच्या हळदीत असंच झालं. टेपवर प्रबुद्ध होता. कॅसेट संपली तेव्हा त्याच्या धोंडिराममामांचा उजवा पाय हवेत होता. मामा पंचावन्नचे, अंगानं भरलेले आणि हट्टी. गाणं सुरू झाल्याशिवाय पाय खाली ठेवायचा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. प्रबुद्धनं घाईघाईत कॅसेट काढली आणि उलटी करायची विसरून संपलेलीच बाजू पुन्हा घातली. मामांनी मांडवाचा खांब धरला.

"भाच्या," ते म्हणाले, "पाय खाली ठिवू, का तसाच घरी जाऊ?"

मांडव खदाखदा हसला. प्रबुद्धही हसला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. कारण मे महिन्यात त्याच मांडवाच्या जागी त्याच्या बहिणीची, मायाची, हळद होती. टेपवर तोच बसणार होता, आणि मामाही नाचणार होते.

प्रबुद्ध एमआयडीसीत लोखंड कातायच्या लेथवर टर्नर होता. केसभर फरक त्याच्या बोटाला कळायचा. गोष्ट सत्त्याण्णव सालची. पुण्यात एका हॉटेलात वेटर असलेल्या चुलतभावानं, कपिलनं, एकदा त्याला मुदपाकखान्याच्या दारातून डीजेवाला दाखवला होता. त्या माणसासमोर दोन डेक. एकावर गाणं चालू, दुसरं तो एका कानानं ऐकून तयार ठेवायचा आणि दोन्हीचे ठेके जुळले की एकातून दुसऱ्यात अलगद सरकायचा. मधे खंड नाही. खास त्या कामाचे ते डेक केवढ्याला, हे कपिलनं विचारून सांगितलं, तेव्हा प्रबुद्ध म्हणाला की तेवढ्यात जुना लेथ येईल, तो निदान पोटाला घालील.

म्हणजे साध्या कॅसेट डेकवरच भागवायला हवं होतं. कारखान्याच्या शेडमधल्या भिशीची चिठ्ठी त्या महिन्यात प्रबुद्धच्या नावानं निघाली, आणि त्याच आठवड्यात तीन वर्षं रखडलेला गॅसचा नंबरही लागला. आक्काताईंनी, त्याच्या आईनं, तिथल्या तिथं निकाल दिला. निम्मे गॅसला, निम्मे डेकला.

"पर एकदाच," त्या म्हणाल्या. "फसलास तर पुन्ना माझ्याकडं यायचं न्हाई. मग मामाचा पाय तू धरून उभा रहा."

सांगलीत भाऊसोंच्या दुकानात एक नवा कोरा डबल डेक होता. दोन खिडक्या, हिरवे-तांबडे दिवे, वर्षाची गॅरंटी. प्रबुद्धनं तो तपासायची स्वतःची रीत काढली. भीमगीतांच्या एकाच कॅसेटच्या दोन प्रती घेतल्या, पेन्सिल घालून दोन्ही एकाच जागी आणल्या आणि दोन अंगठ्यांनी दोन्ही खटके एकदम दाबले. वेग सारखे असतील तर दोन गाणी मिळून एक ऐकू येतं. फरक असेल तर गायक विहिरीत तोंड घालून गातोय असं वाटतं, आणि मग एकाचे दोन गायक होतात.

डबल डेकवर अख्खं गाणं एकच राहिलं. टर्नरला आणखी काय हवं? फरक शून्य. त्यानं बयाणा दिला. भाऊसोंनी बजावलं की कडेगावचं एक गिऱ्हाईक याच डेकवर डोळा ठेवून आहे. उद्या रात्री आठपर्यंत उरलेले पैसे आले नाहीत तर डेकही गेला आणि बयाणाही.

घरी आला तर कपिलची चिठ्ठी. फौजेतून निवृत्त होऊन हॉटेलच्या गेटवर पहाऱ्याला असलेले सुभेदार नाथाजी दोन डेक विकतायत, तेही स्वस्तात. उद्या ते सुट्टीवर घरी असतील, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला. बघायला काय जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं प्रबुद्ध निघाला. कराड गेलं, सातारा गेला, खंबाटकीच्या घाटात गाडी तापली म्हणून ड्रायव्हरनं अर्धा तास थांबवली. खंडाळ्यात उतरला तेव्हा साडेबारा झाले होते. आठच्या आत सांगली गाठायची तर दोनची गाडी चुकवून चालणार नव्हतं.

सुभेदारांच्या घरी दोन एकसारखे डेक एकाच टेबलावर होते. फौजेत असताना त्यांनी एक क्वार्टरवर, म्हणजे छावणीतल्या खोलीवर, घेतला, तर गावी राहिलेल्या त्यांच्या पत्नी साळूबाई म्हणाल्या, मी काय भिंतीचं ऐकू? म्हणून दुसरा घेतला. आता एका घरात दोन कशाला? जोडी द्यायची तर एकत्र, सुटी नाही, आणि भाव एकच. घासाघीस करणाऱ्याला चहा मिळणार नव्हता.

प्रबुद्धनं कॅसेटी काढल्या आणि त्याचा हात थांबला. परक्या गावात, परक्या ओसरीवर ही गाणी लावायची कशी? दुसरी कॅसेट तर आणलीच नव्हती. सुभेदारांनी कॅसेटवरचं चित्र लांबूनच पाहिलं.

"लाव की. छावणीत चौदा एप्रिलला हीच गाणी लावून जेवायचो आमी," ते म्हणाले. "जेवण फर्स्ट क्लास असायचं."

त्यानं खटके दाबले. पहिलं कडवं एक. दुसऱ्या कडव्यात गायक विहिरीत गेला. तिसऱ्याला दोन गायक झाले आणि एक दुसऱ्याच्या मागं धापा टाकत धावू लागला.

प्रबुद्धनं डेक बंद केले. सव्वा झाला होता. त्यानं सरळ सांगितलं, फरक आहे, जमणार नाही. सुभेदार चिडले. आवाज स्वच्छ, हेड स्वच्छ, पट्टे नवे, आणखी काय परेड करून दाखवू, असं त्यांनी सुनावलं. प्रबुद्ध पिशवी आवरू लागला. इतक्यात चुलीपासून साळूबाई बोलल्या.

"आवं, त्यो क्वार्टरचा पयल्यापासनंच रखडतोय. जोडीतला एक बैल मागं पडला तर काय जोडी मोडत्यात व्हय? मागनं पिळायचा की त्येला, तुमी पिळायचा तसा."

सुभेदारांनी कानकोंडं होत ड्रॉवरमधून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. डेकचं मागचं झाकण उघडलं की मोटर दिसते, मोटरच्या पाठीला बारकं भोक असतं, आत एक स्क्रू. तो फिरवला की वेग बदलतो. आता वयामुळं त्यांना ते भोक दिसत नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हर प्रबुद्धच्या हातात देताना त्यांनी अट घातली.

"आतलं मोडलं, तर दोन्ही तुझं. पैसं ठिवून जायचं."

दीड वाजला. प्रबुद्धनं गाणं पुन्हा लावलं. लेथवर केसाएवढा कट घेणारा हात त्यानं भोकाशी नेला. जोर जास्त झाला आणि स्क्रू तुटला, तर इकडं मोडका डेक गळ्यात, तिकडं बयाणा बुडाला, आणि मांडवात मामा एका पायावर. त्यानं स्क्रू फिरवला. गायकाचा आवाज आणखी जड झाला. उलटी बाजू. तो दुसरीकडं वळला, इतका हळू की फिरतोय की नाही हे त्यालाही कळेना. मागचा गायक जवळ आला. विहिरीत आला. मग विहीर बुजली आणि दोघांचा एक झाला.

सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. पण प्रबुद्ध थांबेना. त्यानं स्क्रू आणखी फिरवला, मागचा पुढं निघून गेला. परत आणला. पुन्हा पुढं.

"जुळलंय की रं. आता का बिघडवतोस?" सुभेदार म्हणाले.

प्रबुद्धचं लक्ष नव्हतं. हळदीत तो एकच गाणं दोनदा थोडंच लावणार होता? एक गाणं धीमं, दुसरं पळतं. ठेके जुळवायचे तर एक डेक दुसऱ्यापेक्षा वेगळा पळवता आला पाहिजे. आणि सांगलीचा तो डबल डेक केसभरही का चुकला नाही, हे त्याला आत्ता दिसलं. त्याच्या शेडमध्ये पूर्वी एकाच शाफ्टवर पट्ट्यानं दोन मशीन चालायची. एकाला पळवलं की दुसरंही पळायचं. दोन खिडक्यांमागं एकच मोटर असणार. टर्नरच्या डोळ्यानं शून्य फरक शोधला, आणि त्याला हवा होता तो फरकच.

असणार, पण खात्री कुठं होती? भाऊसोंनी डेक उघडू दिला नव्हता. डेक उघडला की विकला, असा त्यांचा कायदा. खोटं ठरलं तर गॅरंटी, दिवे आणि बयाणा सोडून त्यानं दोन म्हातारे डेक घेतलेले असणार. रस्त्यावर दोनच्या गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर ओरडत होता.

प्रबुद्धनं पैसे टेबलावर ठेवले. साळूबाईंनी दोन्ही डेक जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि चहा राहिला म्हणून नवऱ्याला बोल लावला. सांगलीपर्यंत ती दोन बाळं त्यानं मांडीवर घेतली. आठ वाजता स्टँडवर उतरला आणि भाऊसोंच्या दुकानाकडं न बघता कुपवाडची गाडी धरली.

त्यानं लेथवर दोन बारक्या कांड्या कातल्या, स्क्रूला बसवून डेकच्या पाठीतून बाहेर काढल्या आणि त्यांवर मुठी लावल्या. दोन आवाज खालीवर करायची डबी मिरजेच्या रेडिओवाल्याकडून करून घेतली. सलग आठ दिवस संध्याकाळी घरात एकच ठेका घुमत राहिला. आक्काताई गॅसवर भाकरी भाजत म्हणायच्या, भाकरीसुद्धा आता तालात फुगतीय.

हळदीच्या संध्याकाळी पहिलं गाणं संपत आलं. वस्ती त्याच्या हातांकडं बघत होती. मामांनी, मुद्दाम असणार, उजवा पाय उचलला. प्रबुद्धनं एका कानाला दुसऱ्या डेकचा हेडफोन लावला आणि डावी मूठ फिरवली. दुसरं गाणं मागून धापा टाकत आलं, जवळ आलं, ठेक्यावर ठेका बसला. त्यानं डबीवरचा एक आवाज खाली घेतला, दुसरा वर.

मामांचा पाय खाली आला, बरोबर ठेक्यावर, दुसऱ्याच गाण्याच्या. ओट्यावर हळदीत न्हालेली माया हसली. आक्काताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि धूर गेला म्हणाल्या. गॅस आल्यापासून घरात धूर नव्हता.

मग खंड पडलाच नाही. तिसरं गाणं, चौथं, सातवं. पाऊण तासानं मामा, सदरा अंगाला चिकटलेला, टेबलाला धरून उभे राहिले.

"भाच्या," ते कानाशी आले, "मधी एकांदी कॅसेट संपू दी की रं. बसायला निमित्त घावंना."

प्रबुद्धनं दोन्ही मुठी धरल्या आणि केसभर मागे घेतल्या; ठेका धीमा झाला, थांबला नाही.