पुढं मागनी कशाला?

सगळ्या सातारा-सांगलीकडच्या पोरांच्या पोटापाण्याची काळजी एकट्यानं वाहणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे उंब्रजचे मामा. मूल रांगायला लागलं की मामा त्याची बोटं उलटसुलट करून बघत आणि त्यानं पुढं काय व्हायचं ते ठरवून मोकळे होत. मागणी कशाला येणार हे ओळखायची त्यांची रीतही न्यारी होती. महिन्यातून एकदा मिरज जंक्शनला जायचं, मालधक्क्यावर ठाण मांडायचं आणि गाडीतून जो माल जास्त उतरेल तो धंदा वर येणार असं समजायचं. एकदा छत्र्यांच्या पेट्या उतरताना दिसल्या. मामांनी शेजारच्या सदूला हाताला धरून छत्री दुरुस्ती शिकायला बसवलं. त्या साली उंब्रजला छत्री उघडावी एवढा पाऊसच झाला नाही. सदूची आई भांडायला आली, तर मामा शांतपणे म्हणाले, "आवं वहिनी, धंदा बरूबर हाय, ढगच चुकलं."

मीही त्यांच्या तावडीत सापडलो होतो. दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाची उभी भट्टी बसवून तिच्या गॅसवर गाड्या चालवत. मामांना साक्षात्कारच झाला. "कोळसा कवा संपायचा न्हाई गड्या! भट्टीवाल्याला आता मरन न्हाई." माझं आणि बाळूचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोराचं, नाव त्यांनी साताऱ्याच्या एका मोटारवाल्याकडं परस्पर घालून टाकलं. मी सरळ सांगितलं, "मामा, मी कॉलेजात जानार." आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मामा हसले. "समदीच शिकली तर तू अर्ज कुनाचा लिवनार रं?" मी सांगलीला गेलोच. आज बी. ए. आहे, आणि ते सांगताना मी मान खाली घालत नाही.

बाळूला मात्र 'न्हाई' म्हणता आलं नाही. त्याचा जीव मिरजेच्या तंबोऱ्यांत होता. वाळल्या भोपळ्यावर टिचकी मारून त्याच्या तंबोऱ्याचा आवाज कसा निघेल ते तो सांगे. एक कारागीर त्याला शिकवायला तयारही होता. मामांनी उडवून लावलं, "भोपळ्याचा एक तरी डबा धक्क्याला लागलेला बगितलास?" दोन वर्षं बाळू भट्टीतली राख उपसत, धूर गिळत राहिला. लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्ट्या भंगारात गेल्या. तोवर त्याचा खोकला छातीत उतरला होता. मिरजेच्या दवाखान्यात सहा आठवडे काढून बाळू गेला.

मी पास झाल्यावर पेढे घेऊन उंब्रजला गेलो. मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. म्हणाले, "तू शिकलायस. सांग, तंबोऱ्याला पुढं मागनी हाय का रं?"

मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. म्हणालो, "लय हाय, मामा."

"भोपळं बैलगाडीनं येत्यात म्हनं. त्या कारागिरानं सांगितलं, पोर गेल्यावर." पेढा तसाच हातात होता. "आन् मी रेल्वेच बगत बसलो."

मामा आता मिरजेला जात नाहीत. रांगतं मूल समोर आलं, तर त्याची बोटं आजही हातात घेतात. बघत मात्र नाहीत. नुसती धरून बसतात.