ताईतातली साल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही भवानीनगरला कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. शेजारच्या इंजिनियरने रशियात शिकताना लिथुआनियातली मुलगी बायको करून आणली होती. त्यांच्या बाळाला ताप येऊन गेला, तेव्हा कोऱ्हाळ्याहून आलेल्या आजीने त्याच्या गळ्यात तांब्याचा ताईत बांधला. सुनेने तो आंघोळीला काढला, तो परत बांधलाच नाही. आजीने पिशवी भरली. ताईत नसेल तर मीही राहत नाही, म्हणाली. वसाहतीत काही अडलं की माझ्याकडे यायची रीत होती. तसं बोलावणं आलं आणि हातातली कामं उरकून मी गेले.

“बाई, तुमीच सांगा,” आजी म्हणाली. “माझ्या ताईतात म्हनं जंतू असत्यात.”

“आई, मी धूळ म्हणाले,” सून म्हणाली.

“धूळ तर तुझ्या कपाटावर बी हाय.”

मी म्हटलं, आत काय आहे ते बघू, स्वच्छ असेल तर बांधू. आजी तोंड उघडायच्या आत सुनेने सुरीने टोकाची लाख उडवली. आतून एक गुंडाळी निघाली. सुनेने ती उलगडून उजेडात धरली. कागदासारखी पापुद्र्यांची साल, तिच्यावर बारीक आडव्या रेघा.

“बेर्झस,” ती म्हणाली. “आमच्या घरामागे हेच झाड.”

“भुर्जपत्र हाय ते,” आजी म्हणाली. “भूर्ज.”

बेर्झस, भूर्ज, मी दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहिले. हिमालयातल्या झाडाचं नाव हिच्या परसात पोचलं कसं?

पुढे बारामतीला एका ग्रंथालयात मी ते शोधून काढलं. लिथुआनियन बेर्झस, रशियन बिर्योझा आणि आपलं भूर्ज, तिन्ही शब्दांचं मूळ एकच. तो मूळ शब्द मात्र कुठेच लिहिलेला सापडलेला नाही. लेकींचे चेहरे बघून आई कशी असेल ते ठरवावं, तसा अभ्यासकांनी तो जुळवलेला, आणि तो सापडलेला नाही याची खूण म्हणून त्याच्या आधी छापलेली एक चांदणी. मी पावतीशिवाय काही मान्य करत नाही. ते पान मात्र मी कपाटापाशी उभ्यानेच तीनदा वाचलं.

त्या दिवशी सुनेने साल परत गुंडाळली आणि आपणहून ताईत पुढे केला. “बांधा, आई.”

“फोडल्याला ताईत बांधत न्हायत.”

मला वाटलं, आता ही पिशवी उचलणार.

आजीने साल सुनेच्या मुठीत दाबली. “तूच ठेव. तुझ्या माहेरचं हाय.”

मग तिने पिशवीतलं लुगडं काढलं आणि परत दांडीवर टाकलं.