ट्विस्टमास्तरांचे जोडे

ट्विस्टमास्तरांचे जोडे टाचेला कधी झिजत नसत. झिजायचे ते पुढे, चवड्याखाली, आणि तेही गोल. जोडे शिवणारा दर वेळी जोडा उलटा धरून विचारायचा, की मास्तर चालतात की जागच्या जागी फिरतात? मास्तरांना या प्रश्नाचं फार कौतुक होतं.

मास्तर आमच्या बँडचे क्लॅरोनेटवाले आणि मालकही. मी साइड ड्रम वाजवायचो. तरुणपणी ते सिकंदराबादच्या एका हॉटेलातल्या बँडमध्ये होते. तिथले साहेबलोक तबकड्या लावून ट्विस्ट हा नवा विलायती नाच नाचत आणि मग तीच चाल बँडकडून वाजवून घेत. हॉटेल बंद पडलं तसे मास्तर ती चाल घेऊन गावी परतले. तोवर जगात ट्विस्ट जुना झाला होता. आमच्या झरी-पेडगावला तो अजून पोचायचाच होता.

लग्नात कुणी नुसतेच हात वर करून उड्या मारू लागला, की मास्तर क्लॅरोनेट काखेत मारून त्याच्यापुढे उभे राहत. "पायाखाली भुईमुगाची शेंग फोडायची, हातानं जातं फिरवायचं. डोकं हलवायचं न्हाई," एवढीच त्यांची शिकवणी. मी ठेका धरायचो आणि धोतरवाले म्हातारेसुद्धा शेंगा फोडू लागत. घामाघूम मास्तर हसत राहत. हा माणूस सुखी आहे, असं मला तेव्हा खरंच वाटे.

हाच नाच का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ह्याच्यात कुणी कुणाला शिवत न्हाई. म्हणून तर गावात चालला." मी खो खो हसलो होतो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

आमची वस्ती गावाबाहेर. गावातल्या वरातीत पारापुढे आम्ही सगळ्यांत जोरात वाजवायचं, आणि वस्तीतली वरात पारापुढून जाताना मात्र वाद्यं खाली, तोंडं मिटलेली. रीतच होती तशी. थोरल्या लेकीच्या लग्नात पारापुढे ट्विस्ट वाजवायचा, ही मास्तरांची एकच हौस होती. गावचे मोठे शेतकरी आबासाहेब यांनी कबूलही केलं होतं. त्यांना त्यांच्याच लग्नात मास्तरांनी शेंग फोडायला शिकवलं होतं.

लेकीचं लग्न ठरलं आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून रान पेटलं. गावोगाव वस्त्या जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी आबासाहेब स्वतः आले आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलले, "मास्तर, तुमी आमचेच. पण उद्या पारापुढं वाजवू नका. पोरं लय तापलेत." मास्तरांनी मान हलवली.

पिंगळी गावचा नवरदेव पायीच निघाला. पाराजवळ मास्तरांनी क्लॅरोनेट खाली केलं, मी काड्या काखेत घातल्या. पारावर बसलेल्यांत निम्मे मास्तरांचेच शिष्य होते. मी मास्तरांच्या पायांकडे बघत होतो. वाजवायचं नसलं तरी निदान चवडा हलेल, याची मला खात्री होती. हलला नाही. ते सरळ चालत गेले.

पुढेही वर्षानुवर्षं ते गावची लग्नं वाजवत राहिले. दुसरं करणार काय? कुणी नाचायला ओढलं की गुडघा गेला म्हणून सांगत. गुडघ्याला काहीएक झालेलं नव्हतं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायच्या आधीच ते गेले. मातीला गेलो तेव्हा त्यांचे जोडे दाराशी होते. मी ते उलटे करून पाहिले. टाचा झिजल्या होत्या, तुमच्याआमच्या झिजतात तशा.