दुसरी किल्ली

"बाई, मोबाइलकडं बघून बोला. गाडी खुशीनं देऊन राहिलो, म्हणा."

कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यासमोर फायनान्सच्या वसुलीवाल्या माणसानं मोबाइल माझ्या तोंडाशी धरला होता. त्याचा जोडीदार आमच्या व्हॅनच्या स्टेअरिंगवर बसला होता. आमचे ड्रायव्हर शेषराव काका रस्त्याच्या कडेला उभे होते. ओढाताणीत त्यांच्या शर्टाची गुंडी तुटली होती. गयाबाईला गाडीतून उतरवून ढाब्याच्या बाजेवर बसवलं होतं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. आम्ही तिला डायलिसिससाठी हिंगोलीला नेत होतो. तिची औषधांची पिशवी गाडीतच राहिली होती.

"आधी पिशवी द्या," मी म्हणाले.

"आधी व्हिडिओ."

जेवणारी माणसं घास हातात धरून बघत होती. एक जण मोठ्यानं म्हणाला, "फुकटाची होती न गाडी? मंग तोंड काहून पाडून राहिली?" बाकीचे हसले.

मी गयाबाईकडं बघितलं. तिचा चेहरा सुजला होता.

"गाडी आमी खुशीनं देऊन राहिलो," मी म्हणाले.

पिशवी मिळाली. गाडी निघाली. तेव्हा मला दिसलं की आमची किल्ली शेषराव काकांच्या मुठीतच होती. व्हॅन दुसऱ्याच किल्लीनं सुरू झाली होती. तिलाही तीच पितळी साखळी होती, शिक्षणसंस्थेचा छाप असलेली.

संस्था आमच्या भागातल्या पुढाऱ्याची, भाऊसाहेबांची. शाळा त्यांच्या, मैदानं त्यांची. निवडणुकीआधी त्यांनी आमच्या बौद्ध वस्तीतल्या महिला मंडळाला संस्थेची वापरातली व्हॅन दान दिली होती. पेशंट न्यायला. कार्यक्रमाला मांडव घातला होता. गाडीवर त्यांचं नाव आणि फोटो आधीच रंगवून झाला होता. स्टेजवर पुठ्ठ्याची मोठी किल्ली आमच्या हातात दिली. खरी किल्ली फोटो झाल्यावर मिळाली. एकच.

मी मंडळाची सचिव. तिथंच विचारलं, "भाऊसाहेब, गाडी मंडळाच्या नावावर कधी होईल?"

त्यांनी माइक बंद केला नाही. "बघा, दान घेतानाबी बाईला कागद पाहिजेत. लई शिकली आता तुमची माणसं."

मांडव हसला. आमच्या बायकाही हसल्या. मोठ्या माणसानं हार घालून दिलेल्या वस्तूचे कागद मागितले, तर तो देणाऱ्याचा अपमान धरतात आमच्याकडं. म्हणून नंतर कुणी विचारलं नाही. मी विचारलं की आमच्याच बायका मला गप्प करायच्या.

गाडी ओढून नेल्यावर मी फायनान्सवाल्यांच्या हिंगोलीच्या ऑफिसात गेले. व्हॅनवर कर्जाचा बोजा होता. तो उतरल्याशिवाय, कंपनीनं ना-हरकत दिल्याशिवाय ती दुसऱ्या कुणाच्या नावावर होऊच शकत नव्हती. हप्ते दानाच्या आधीच थांबले होते.

"दुसरी किल्ली तुमच्याकडं कुठून आली?" मी विचारलं.

टेबलामागचा माणूस कॉम्प्युटरकडं बघत राहिला. "मालकाकडूनच येते, ताई."

आम्ही कोणत्या वारी नाक्यावरून जातो, हे त्यांना कुणी सांगितलं? आठ दिवस आधी संस्थेतून फोन आला होता. पेपरात बातमी द्यायची आहे, डायलिसिसचे वार सांगा. मीच सांगितले होते. बातमी आली नाही.

माझा अंदाज असा. फायनान्सवाले मागं लागले तेव्हा गाडी लपवायला आमची वस्ती बरी होती. तिथं शोधायला कोण येतो? निवडणूक होईपर्यंत ती दान होती. मग तिचं काम संपलं. हा अंदाज आहे. दुसरी किल्ली हा अंदाज नाही.

भाऊसाहेबांनी बंगल्यावर बोलावलं.

"झालं ते झालं. आता हट्टा गावच्या मेंढपाळ बायकांच्या गटाला गाडी देऊन राहिलो. तिथं तू दोन शब्द बोल. आमाला सांभाळणं झालं न्हाई, म्हणून खुशीनं परत केली. एवढंच. गयाबाईच्या येण्याजाण्याचं माझ्याकडं लागलं."

"आन् न्हाई बोलले तर?"

"तर तुमाला यापुढं कोण काय देईल?"

मी हे सगळं गयाबाईला सांगितलं. प्रवास तिचा होता, जीव तिचा होता. ती म्हणाली, "त्याच्या गाडीत बसले तर नाक्यावर उतरवलं. एस्टीचा कंडक्टर चिडला तरी गावाला नेऊन सोडतो माय. मी एस्टीनं जाते. तू माझ्या नावावर खोटं बोलू नको."

हट्ट्याच्या कार्यक्रमात मला माइक दिला. समोर नवी रंगवलेली जीप होती. पुठ्ठ्याची किल्ली एका म्हाताऱ्या मेंढपाळ बाईच्या हातात होती.

"गाडी आमी खुशीनं दिली न्हाई," मी म्हणाले. "नाक्यावर पेशंटला उतरवून ओढून नेली. मावशी, दोन गोष्टी विचारून घ्या. जीपवर बोजा आहे का? आन् दुसरी किल्ली कुठं हाय?"

माइक बंद झाला. कुणीतरी मागून ओरडलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजून राहिली!" भाऊसाहेब हसले. या वेळी मांडव हसला नाही. म्हाताऱ्या बाईनं पुठ्ठ्याची किल्ली खुर्चीवर ठेवली आणि ती त्यांच्याकडं वळली.

"सांगा न, भाऊसाहेब. दुसरी कुठं हाय?"

ते काय म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. तोवर मला स्टेजवरून खाली उतरवलं होतं.

गयाबाई आता एस्टीनं जाते. मी सोबत असते. जागा मिळाली नाही तर तिला पिशवीवर बसवते. मंडळात ठरलं आहे. गाडी आली तर मंडळाच्या नावावर येईल, दोन्ही किल्ल्यांसकट. नाहीतर दारात उभी राहू देणार नाही.

तो व्हिडिओ अजून कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. त्यातलं वाक्य माझ्या आवाजात आहे. ते त्यांना एकदा मिळालं. पुन्हा मिळणार नाही.